मैत्रिणीसोबतची भागीदारी: विचार जुळत नाहीयेत, मदत हवी आहे

नमस्कार. मी आणि माझी मैत्रीण मिळून पोळी-भाजी केंद्र चालवतो. घरोबा जुना, हिशोब चोख. पण तिला कर्ज काढून दुसरी शाखा उघडायची आहे आणि मला आहे तेच नीट, कर्जाशिवाय चालवायचंय. करार तोंडीच आहे. काही ठरलेलं नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नफा-तोटा समसमान, हे माहीत आहे. पण धंदा किती वाढवायचा, कशासाठी करायचा, यावर आमचं एकमत कायदा कसं घडवणार?

मला ती भागीदार म्हणून हवी आहे, मैत्रीण म्हणून तर हवीच.

मैत्रीत भागीदारी केलेल्यांनी कृपया सांगा: कर्जाची मर्यादा आणि वेगळं होण्याच्या अटी करारात कशा लिहिल्यात? आणि ती दुखावणार नाही असा हा विषय काढू कसा?