ऱ्होडोनाइट रोजच्या अंगठीत टिकेल का? मदत हवी आहे

नागपूरकडच्या मॅंगनीज पट्ट्यातला गुलाबी दगड आहे, काळ्या रेषा असलेला, विकणारा ऱ्होडोनाइट म्हणतोय. मागून चाकूचं टोक ओढून बघितलं तर चरा नाही, उलट स्टीलचीच करडी रेघ उमटली, त्यामुळे ऱ्होडोक्रोसाइट (तसाच दिसणारा दुसरा गुलाबी दगड) नसावा, तो १ ते १० च्या मोह्स मापावर जेमतेम ४ कडकपणाचा आणि त्यात बहुतेकदा पांढरे पट्टे असतात. ॲसिड टेस्ट सुचवू नका प्लीज, पॉलिश झालेला आहे. आता आईला रोज घालायला अंगठीच हवीये, पेंडंट नको म्हणते (सांगून बघितलं!). चांदीत, वरून गोलसर, कडेने पत्रा वळवलेली बंद सेटिंग करतोय. पण हा ५.५ ते ६.५ चा, धुळीतल्या क्वार्ट्झपेक्षा मऊ आणि ठोक्याने चिरणारा, तर कुणी रोज वापरलाय का, आणि काळ्या रेषेवरूनच तुटतो का?