‘माउस’ आणि ‘रणांगण’

चित्रकथा तासाभरात संपते, कादंबरीसारखी मनात राहत नाही, हे मत मला अजिबात पटत नाही. नुकतंच आर्ट स्पीगलमनचं ‘माउस’ हे चित्रकथेचं पुस्तक वाचलं. त्यातल्या चित्रांत ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरं, एवढं आधीपासून माहीत होतं. पण पुस्तक खरं उभं आहे ते न्यूयॉर्कमधल्या म्हाताऱ्या व्लाडेकवर, म्हणजे लेखकाच्या वडिलांवर. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेला हा बाप रस्त्यात पडलेली तार उचलून घेतो, गोळ्या मोजत बसतो, दुसऱ्या बायकोशी पैशांवरून सतत भांडतो. लेखकाने त्याला कुठेही संत केलेलं नाही. एवढा छळ सोसलेला माणूस, सुनेने एका कृष्णवर्णीयाला गाडीत घेतलं म्हणून संतापतो! त्या पानावर मी बराच वेळ थांबले. मृत आईच्या वह्या बापाने जाळल्याचं मुलाला कळतं तो प्रसंग तर विसरणं शक्य नाही. १९९२ चं विशेष पुलित्झर पूर्णपणे सार्थ आहे.

मर्जान सत्रापी या इराणी लेखिकेचं चित्रकथेतलं आत्मकथन ‘पर्सेपोलिस’ मात्र अर्धंच आवडलं. तेहरानचं बालपण जबरदस्त, व्हिएन्नाचा भाग रेंगाळतो.

‘माउस’नंतर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ पुन्हा काढली. १९३९ सालची, आकाराने छोटीशी कादंबरी. युरोप सोडून निघालेल्या बोटीवर कथानायक चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा. चक्रधरचा अलिप्तपणा या वेळी मला फार खटकला. हॅर्टा मात्र पहिल्याहून अधिक आवडली. महायुद्ध पेटलं त्याच वर्षी मराठीत हे छापलं गेलं, याची चर्चा आपल्याकडे पुरेशी होत नाही. ‘माउस’ वाचून झालं असेल तर लगोलग हीच घ्या.