मांजर ओट्यावर चढतं, गॅसची भीती वाटते

मनीमाऊची_आई: आमचं बोकोबा रात्री ओट्यावर उड्या मारतं, शेगडीची बटणं जुनी होऊन सैल झालीयेत, धक्क्याने फिरली तर काय करायचं? शिवाय नवीन पिल्लू आणलंय ते दिसेल ते चावतं. सिलिंडर आहे, पाइपलाइन नाही.

खडूस_काका: ताई, झोपताना रेग्युलेटर बंद, विषय संपला. मग बटण फिरलं तरी नळीत उरलेला थोडासा गॅसच बाहेर येईल. पण सैल बटणं मेकॅनिककडून दुरुस्त करून घ्याच.

पुणेकर_७: नळी कुठली आहे ते बघा आधी, साधी रबरी असेल तर आजच बदला, आत तारांची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी एजन्सीत मिळते, ती पण पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. पिल्लाला सिलिंडरपाशी जाऊच देऊ नका, दातांपुढे कुठलीच नळी भरवशाची नाही. आणि कापड गुंडाळून झाकू नका, चीर पडलेली दिसतच नाही.

मनीमाऊची_आई: गॅस गळला की वाजणारा डिटेक्टर लावू का? वर छताजवळ?

खडूस_काका: नाही हो, सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणजे आधी मांजराच्याच नाकाशी. डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. पाइपलाइनचा गॅस हलका, त्याला वर.

पुणेकर_७: वास आलाच तर दिव्याच्या, पंख्याच्या बटणाला हात नको, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, प्राण्यांना घेऊन बाहेर आणि तिथून १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन. चोवीस तास चालू असतो.