१८९० ची जनगणना सोडा, जमिनीची फाइल मागवा

तुमच्या सूनबाईंचे खापरपणजोबा अमेरिकेतल्या नेब्रास्कात १८८० च्या जनगणनेत दिसतात आणि पुढे थेट १९०० मध्ये, मधली १८९० ची नोंद सापडत नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीपायी गेले. खापरपणजोबांनी १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली (राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) जमीन घेतली असेल, तर नॅशनल आर्काइव्हजकडून, म्हणजे अमेरिकी सरकारच्या अभिलेखागाराकडून, तिची पूर्ण फाइल मागवा. पट्टा, म्हणजे सरकारने दिलेलं मालकीपत्र, ऑनलाइन मिळतो, पण खरा ऐवज फाइलीतच. घर केवढं, किती एकर नांगरली, सगळं त्यात असतं. मी पाहिलेल्या एकीत ‘मातीच्या ढेकळांचं घर, एक दार, एक खिडकी’ एवढंच होतं. वाचून गलबलून आलं. परदेशात जन्मलेल्यांचे नागरिकत्वाचे कागदही बहुधा सापडतात. आणि जमिनीच्या दाव्याला साक्ष देणाऱ्यांची नावं जरूर उतरवून घ्या, शेजारी म्हणून सही करणारा कधीकधी मेहुणा निघतो.