माळवदाचा गारवा हवा, वजन नको: औसा तालुक्यातील घरासाठी सल्ला हवा आहे

नमस्कार.

औसा तालुक्यातील (जि. लातूर) आमचे जुने घर उतरवून त्याच जागेवर साधारण हजार चौरस फुटांचे, एकमजली आणि शक्यतो एसीवाचून राहता येईल असे घर बांधायचे आहे. तेथे आई-वडील कायम राहणार आहेत. रस्ता पश्चिमेला आहे.

जुने घर माळवदाचे, म्हणजे लाकडी धाब्यावर मातीचा थर असलेल्या सपाट छपराचे आहे. मे महिन्यात बाहेर पारा ४२ अंशांवर असतानाही माजघरात दुपारी पंख्यावाचून बसता येते. अडीच फुटी दगडी भिंती आणि धाब्यावरील पांढऱ्या मातीचा थर यांतून दिवसाची उष्णता आत झिरपेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असते. मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात हीच रचना लोकांच्या जिवावर उठली. भिंतीची आतली आणि बाहेरची अंगे मातीत रचलेली, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुधा नाहीच. त्यामुळे हादऱ्यासरशी ती एकमेकांपासून सुटली. छतावर फूटभर माती धरली तरी चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो वजन होते, आणि गळती थांबवण्यासाठी वेळोवेळी नवी माती टाकली जात असल्यामुळे थर वाढतच जाई. त्या पहाटे जवळजवळ दहा हजार माणसे गेली. वडिलांपुढे पुन्हा माळवदाचा विषय काढण्याची सोय नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे.

त्यानंतर गावात झालेली स्लॅबची घरे त्या मानाने सुरक्षित असली, तरी उन्हाळ्यात त्यांत जीव रमत नाही. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. आम्हाला मिळालेला आराखडाही याच नमुन्याचा आहे: आरसीसीचा सांगाडा, सहा इंची ब्लॉकच्या भिंती, पश्चिमेला मोठ्या सरकत्या काचेच्या खिडक्या, आणि गरम झालेच तर एसी बसवा, असा सल्ला.

माझा मुख्य प्रश्न छपराविषयी आहे, कारण एकमजली घरात उन्हाचा सर्वाधिक मारा तेथेच होतो. स्लॅबवर एक्सपीएसचा (घट्ट फोमच्या फलकांचा) उष्णतारोधक थर देऊन वर चायना मोझॅक (पांढऱ्या चकाकत्या फरश्यांचे तुकडे) बसवावे, फिलर स्लॅब (काँक्रीटच्या खालच्या भागात कौले किंवा विटा भरलेला) करावा, की आपल्याकडचा विटांच्या तुकड्यांचा कोबा पुरेल? घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या इको निवास संहितेत (२०१८) छपराचे यू-मूल्य (छपरातून उष्णता किती वेगाने आत येते त्याचे माप) १.२ वॅट प्रति चौरस मीटर-केल्विनपेक्षा अधिक नसावे असे म्हटले आहे आणि नुसता स्लॅब याच्या दुपटीहून वर जातो, एवढे मला समजले आहे; परंतु मराठवाड्याच्या उन्हाळ्यात यांपैकी एखाद्या छपराखाली प्रत्यक्ष राहिलेल्यांचा अनुभव मला अधिक मोलाचा वाटतो. शिवाय ३ किलोवॅटचे सौर पॅनेल उंच सांगाड्यावर बसवल्यास सुमारे ३०० चौरस फुटांवर सावलीही पडेल. पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्या क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान असल्यामुळे हा विचार पक्का होत आला आहे.

दुसरे असे की, जुन्या भिंतींचा काळा दगड भरपूर निघेल. तो टाकून देऊन ब्लॉक विकत आणणे मनाला पटत नाही. पण तो सुरक्षितपणे कसा वापरावा?

पावसाचे पाणीही साठवायचे आहे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्यामुळे याची गरज वेगळी सांगायला नको. टाकी किती मोठी असावी?

प्रतिसाद

छपराबाबत एक गोष्ट ठाम सांगतो: उष्णतारोधक थर स्लॅबच्या वरच हवा. खाली फॉल्स सीलिंग लावल्यास स्लॅब तापायचा तो तापतोच. थर वर असला की स्लॅबचे वजनदार काँक्रीट घराच्या आतल्या बाजूला राहते आणि रात्री खिडक्या उघडून ते थंड करून घेता येते; माळवदाचा गुण थोड्याफार प्रमाणात असाच परत मिळतो. त्यासाठी समोरासमोर जाळीच्या खिडक्या आणि छताजवळ झरोके ठेवावेत. फिलर स्लॅबमुळे काँक्रीट वाचते, परंतु केवळ त्याच्या भरवशावर मे महिना काढता येणार नाही. कोबा गळती थांबवतो. उष्णतेला त्याचा आडोसा बेताचाच.

दगड अवश्य वापरा, पण मातीत नव्हे, सिमेंटच्या मसाल्यात. भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरच्या पुढे नेऊ नका. उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि आडवे दर १.२ मीटरच्या आत एक आरपार दगड बसलाच पाहिजे. जोते, लिंटेल (दार-खिडक्यांची वरची कड) आणि छप्पर या तिन्ही पातळ्यांवर सळई घातलेले काँक्रीटचे अखंड पट्टे घाला. मात्र भार सांगाड्याने घ्यायचा की भिंतींनी, हे आधी ठरवा. सांगाडा उभा करून त्यात जड दगड भरणे म्हणजे भूकंपात त्यालाच ओझे देणे होय.

पश्चिमेच्या त्या काचा रद्द कराव्यात. तिकडे न्हाणीघर, कोठी आणि जिना घ्या, म्हणजे दुपारचे कलते ऊन त्या खोल्यांवरच थांबेल. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा उन्हाळ्यात पुरतो. तुमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा द्या. तो बहुतेक जण विसरतात.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. ९३ चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६५,००० लिटर होतात, आणि वाया जाणारे वजा करून ५०,००० धरा. दोन माणसांचे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी दिवसाला २० लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांना सुमारे पाच हजार लिटर लागतात. पाहुणे आणि कमी पावसाची वर्षे लक्षात घेता दहा हजार लिटरची टाकी करावी आणि उरलेले पाणी गाळून बोअरच्या पुनर्भरणाला सोडावे.

काळी माती किती खोल आहे आणि मुरूम किती फुटांवर लागतो, हे खड्डा घेऊन कळवल्यास पायाविषयी लिहिता येईल. त्याआधी भिंतींचा आराखडा पक्का करू नये.