मेटल ड्रमरचं कसब की नुसता वेग? कानाने पारखायचं कसं?

गजरवेडा (कणकवली)

मंडळी, भजनी मंडळातले पखवाजवाले आणि मेटल ऐकणारी पोरं यांच्यातला वाद काही मिटत नाही. पहिल्यांचं म्हणणं, मेटल म्हणजे पत्र्यावरचा पाऊस. ट्रिगर (ठोका ओळखून साठवलेला आवाज वाजवणारा सेन्सर) लावला की कुणीही मिनिटाला आठशे ठोके काढील. दुसऱ्यांचं म्हणणं, नाईल बँडचा ड्रमर जॉर्ज कोलियास, त्याचे पाय बघा आणि मग बोला. मग दोन्हीकडून व्हिडिओ फेकले जातात आणि निकाल काहीच लागत नाही.

कोण मोठा ते सांगू नका. पारखायची रीत सांगा. ट्रिगर ही लबाडी आहे का? बीपीएमचे (मिनिटाला किती मात्रा, त्याचे) आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात का? आणि गावातल्या बँडचा ड्रमर तालमीत ऐकला तर तो खरा किती पाण्यात आहे, हे मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगवरून कळेल का?

डावा_पाय (रत्नागिरी)

आधी आकडे, कारण निम्मी भांडणं त्यांच्यावरूनच होतात. २०० बीपीएम म्हणजे मिनिटाला २०० मात्रा. एका मात्रेत पायाचे चार ठोके धरले तर मिनिटाला ८००, म्हणजे सेकंदाला तेराच्या वर, आणि दोन ठोक्यांत अंतर उरतं ७५ मिलिसेकंद. प्रत्येक पायाच्या वाट्याला त्या ठोक्यांतले निम्मे. तोच ड्रमर मात्रेत दोनच ठोके देत असेल तर आकडा २००च राहतो, काम मात्र अर्ध्यावर येतं. म्हणून "अमका २८० ला वाजवतो" असं कुणी सांगितलं की विचारायचं, मात्रेत किती? आणि एका हालचालीत किती? टाच-चवडा पद्धतीत पायाच्या एका खाली-वर होण्यातून दोन ठोके निघतात. ग्रॅव्हिटी ब्लास्ट या हाताच्या तंत्रात काठी स्नेअरच्या (समोरच्या खणखणीत ड्रमच्या) कडेवर टेकलेली असते. हात खाली जाताना एक ठोका, वर येताना दुसरा. दोन्ही तंत्रं शिकायला चिकाटी लागते, पण साध्या एकेरी ठोक्यांच्या आकड्याशेजारी त्यांचा आकडा मांडणं गैर.

आता ट्रिगर. बेस ड्रमच्या (पायाने वाजणारा मोठा ड्रम, म्हणजेच किक) कडेला चिकटवलेला तो एक सेन्सर. कातडं थरथरलं की तो मॉड्यूलला इशारा देतो आणि मॉड्यूल साठवलेला आवाज वाजवतं. बीटर (पेडलचा हातोडा) लागल्याशिवाय तो बोलत नाही आणि उशिरा लागलेला ठोका वेळेवर आणून ठेवत नाही. झाकतो तो जोर: हलका ठोकाही दणक्यात ऐकू येतो. उलट पाय असमान पडत असतील तर ट्रिगर जास्तच चव्हाट्यावर आणतो, कारण प्रत्येक ठोका टोकदार आणि सारख्या आवाजाचा होतो. साध्या माइकवर जी गडबड घुमाऱ्यात लपली असती, ती इथे लपत नाही.

ट्रिगर नीट लावणं हेही एक काम आहे. थ्रेशोल्ड, म्हणजे सेन्सर जागा व्हायला लागणारा किमान जोर, फार खाली ठेवला तर शेजारच्या बेस गिटारच्या कंपनानेही किक वाजते. फार वर ठेवला तर वेगात हलके पडलेले ठोके गळतात. सगळ्यात जास्त घोळ होतो मास्क टाइमचा, म्हणजे एक ठोका लागल्यावर सेन्सरने किती वेळ कान बंद ठेवायचे त्याचा. एकाच बेस ड्रमवर डबल पेडल (दोन पायांसाठी दोन बीटरची जोडी) असेल तर दोन्ही पायांचे ठोके एकाच सेन्सरकडे येतात. मास्क टाइम ८० मिलिसेकंद आणि ठोके ७५ ला, म्हणजे दर दुसरा ठोका गायब. ऐकणारा म्हणतो, पाय थकले. दोष मशीनच्या आकड्यात असतो. दोन वेगळे बेस ड्रम, दोन वेगळे सेन्सर असतील तर प्रत्येकाला १५० मिलिसेकंद मिळतात आणि हा प्रश्नच येत नाही.

खरी लबाडी व्हायची जागा स्टुडिओ. तिथे ठोके संगणकावर ओढून रेघेवर बसवता येतात. स्लेयर बँडच्या डेव्ह लोम्बार्डोने १९८६ च्या 'रेन इन ब्लड'वर वाजवलं तेव्हा ही सोय नव्हती. 'एंजल ऑफ डेथ'मध्ये बाकी सगळे थांबतात आणि दोनच पाय ऐकू येतात, ते कानाने पारखायला उत्तम. याउलट मेशुगा बँडने २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री'साठी ड्रम संगणकावरच रचले आणि ते लपवलंही नाही. तेव्हा अल्बमवरून ड्रमरची रचना पारखा. पाय पारखायचे असतील तर मंचावरचं किंवा तालमीतलं रेकॉर्डिंग घ्या.

सम_गाठली (कुडाळ)

पखवाज आणि डबल पेडल यांचा वेग एकाच तराजूत घालू नये. पखवाजावर पंजा आणि बोटं असतात, बोल वेगवेगळे, आवाजाचे प्रकार कितीतरी. पेडलवर पाय, साखळी, स्प्रिंग आणि एकच आवाज. बीटर परत यायला स्प्रिंगची वाट बघावी लागते, म्हणून तिथे मर्यादा यंत्राचीही आहे.

फरक आणखी एक, आणि माझ्या मते तो मोठा. डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) गजर रंगतो तेव्हा लय चढवणं हेच कसब. बुवा कुठे उचलणार ते ओळखून पखवाजवाला सोबत जातो. आजच्या मेटलमध्ये बहुतेक ड्रमर कानात क्लिक (यंत्राची ठरावीक टिकटिक) घेऊन वाजवतात. तिथे लय चढली तर तो दोष. गजराच्या मापाने बघाल तर मेटलवाला मख्ख वाटेल आणि क्लिकच्या मापाने बघाल तर पखवाजवाला लय पळवणारा वाटेल. दोन्ही अन्यायच. जुन्या थ्रॅशमध्ये (मेटलचा एक वेगवान प्रकार) लय थोडी सरकते, ती मला तरी गोड लागते. ब्लॅक सॅबथचा बिल वॉर्ड तर १९७० पासून जॅझचा झुलता ठेका घेऊनच वाजवत होता.

पखवाजवाल्यांना मेटलमधलं काही ऐकवायचंच असेल तर वेगाचं ऐकवू नका, हिशेबाचं ऐकवा. समजा पायात सतरा पाव-मात्रांची एक आकृती आहे आणि वर झांज साधी चारचार मोजते आहे. चार मात्रांचे आठ बार, म्हणजे १२८ पाव-मात्रा. सतराची आकृती सात वेळा पुरी होते तेव्हा ११९ होतात, उरतात ९. मग आठव्यांदा आकृती नवावर तोडायची आणि सगळ्यांनी मिळून समेवर यायचं. मेशुगाच्या बऱ्याच गाण्यांचा सांगाडा याच जातीचा. पाय वाकडे चाललेत आणि उजवा हात सरळ, हे एका वेळी सांभाळणं म्हणजे काय ते तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं) मोजणाऱ्याला लगेच समजतं.

मेशुगाचा ड्रमर टोमास हाके, त्याचं 'ब्लीड' (२००८) घ्या. लय आहे ११५ ची, कागदावर अगदी साधी. पण पायात दोन जलद आणि दोन संथ असे चार ठोके तीन पाव-मात्रांत बसवलेत. जलद जोडीतलं अंतर ६५ मिलिसेकंदांच्या आसपास, संथ ठोक्याला त्याच्या दुप्पट. सलग धावणं त्या मानाने सोपं, कारण पायाला एक गती सापडते. इथे दर क्षणी गती मोडून पुन्हा धरायची असते आणि गाणं सात मिनिटांच्या वर चालतं.

खारो_वारो (देवगड)

गाववाल्यांनू, सगळा खरा, पण मेटॅलिकाच्या लार्स उलरिकाचा नाव अजून कोणी कसा काढूक नाय? त्याच्याशिवाय ह्यो वाद पुरो व्हवचो नाय!

डावा_पाय (रत्नागिरी)

@खारो_वारो, काढलंत शेवटी! थोडक्यात सांगतो. लार्सचं डोकं मांडणीत चालतं: गाण्यात ड्रम कुठे थांबायचे, कुठे रिफसोबत (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या धूनसोबत) जायचे. १९८८ च्या 'वन'मध्ये गिटारसोबत येणारे सहा-सहाचे पाय हा हिशेब त्याचं उत्तम उदाहरण. मंचावर त्याची लय हलते ही तक्रारही खरी. रचनाकार म्हणून गुण वेगळे द्या, वादक म्हणून वेगळे. दोन्हींची सरासरी काढायला गेलात तर पहाट होईल.

काठीपेटी (सावंतवाडी)

मूळ प्रश्नातला मोबाईलचा भाग राहिला, तो घेतो.

फोन बेस ड्रमच्या मागे, ड्रमरच्या बाजूला, बीटरपासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवा. समोर ठेवलात तर झांजा सगळं खाऊन टाकतात. जिथे फक्त पाय चालू आहेत असा तुकडा मुद्दाम वाजवायला सांगा, किमान अर्धा मिनिट. पहिले दहा सेकंद कुणाचेही बरे असतात.

ती फाईल ऑडॅसिटी या संगणकावरच्या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडा. आधी टेम्पो निम्मा करून ऐका, पट्टी न बदलता. असमान पाय वेगात "घर्रर्र" ऐकू येतात, निम्म्यावर आणलं की लंगडताना सापडतात. मग लाट मोठी करून सलग सोळा ठोक्यांच्या टोकांमधली अंतरं मिलिसेकंदांत लिहून काढा. सरासरीवरून वेग कळतो, पण बघायचं ते सरासरीपासून ठोके किती भरकटतात ते. २०० ला अंतरं ७२ ते ७८ मध्ये राहत असतील तर पाय पक्के. शेवटच्या पाच सेकंदांतले सोळा ठोके पुन्हा मोजा. तिथे अंतरं वाढलेली दिसली तर दम कमी.

पायांवर थांबू नका. स्नेअर बहुधा ट्रिगरवर नसतो, माइकवर असतो, म्हणून हाताचं खरं तिथे कळतं. साध्या तालात काठी वीतभर वरून येते आणि ब्लास्ट (किक आणि स्नेअरचा सलग जलद मारा) सुरू झाला की बोटभरावर. थोडी उंची कमी होणारच, पण स्नेअर निम्म्याने खाली गेला तर तो वेग अजून त्याचा झालेला नाही. ब्लास्टमध्ये किक आणि स्नेअर आळीपाळीने पडतात की एकदम, हेही निम्म्या टेम्पोवर ऐका. आळीपाळीचे ठोके हळूहळू एकमेकांवर चढायला लागले तर समजा, हात किंवा पाय यांतला एक पळतोय.

फिलच्या (दोन भागांना जोडणारा ड्रमचा छोटा तुकडा) आधीचे चार बार आणि नंतरचे चार बार यांचा टेम्पोही वेगवेगळा मोजा. बहुतेक नवे ड्रमर फिलमध्ये घाई करतात आणि पुढचा सगळा भाग त्याच घाईत वाजवतात.

वेगाचा एक अवघड पट्टा असतो, साधारण १५० ते १८०. त्याच्या खाली मांडीपासून पाय उचलून भागतं, वर घोट्याने. मधे दोन्ही धड होत नाही. ड्रमर १४० ला आणि २०० ला सुरेख वाजवतो आणि १६५ ला चाचपडतो, हे अगदी नेहमीचं. म्हणून चाचणी १६५ ला घ्या!

गजरवेडा (कणकवली)

@काठीपेटी, झकास. ही रीत लावून बघितली. तुकड्याची सुरुवात उजव्या पायाने आहे. अंतरं येतात ८२, ६८, ८१, ६९, ८२, ६८... सरासरी ७५, म्हणजे २०० बरोबर. पण एक लांब, एक आखूड, शेवटपर्यंत तसंच. ट्रिगर नाही. एकच बेस ड्रम, डबल पेडल. डावा पाय कच्चा असं समजायचं का?

काठीपेटी (सावंतवाडी)

इतक्यात नको. उजव्यानंतर डाव्याला ८२ लागतात आणि डाव्यानंतर उजव्याला ६८, म्हणजे डावा दर वेळी सातेक मिलिसेकंद उशिरा येतोय. पाय कच्चा असता तर अंतरं विस्कटलेली दिसली असती आणि थकव्याबरोबर वाढली असती. इतकी शिस्तीत येणारी चूक आधी पेडलमध्ये शोधावी.

डाव्या पेडलची पाटी हाताने अगदी हळू दाबा आणि बीटरकडे बघा. पाटी थोडी खाली जाते आणि बीटर मग हलतो, असं दिसलं तर दोन पेडलना जोडणाऱ्या दांड्याच्या सांध्यात खेळ आहे. दांड्यावरचे स्क्रू ड्रम कीने आवळा. तरी खेळ राहिला तर सांध्यातली पिन झिजली आहे आणि दांडा बदलावा लागेल. आपल्याकडे खाऱ्या हवेने ही पिन आणि स्प्रिंग सगळ्यात आधी गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, सांध्यात आणि बेअरिंगवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या. जाड ग्रीस नको, त्यात रेती अडकते. पावसाळ्यात पेडल पेटीत ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या टाका.

सांधा घट्ट असेल तर दोन्ही बीटर स्थिर असताना कातड्यापासून किती लांब आहेत ते पट्टीने मोजा. डावा लांब असेल तर त्याला प्रवास जास्त, साहजिकच उशीर. मग दोन्ही स्प्रिंगचा ताण सारखा करा. डावी सैल असेल तर बीटर मागे यायलाच वेळ खातो. पेडलखाली रबर लावलेला गालिचा आहे ना तेही बघा. लादीवर डावं पेडल पुढे सरकत जातं आणि दांडा तिरका होतो.

हे सगळं झाल्यावर तोच तुकडा एकदा डाव्याने सुरू करून वाजवायला सांगा आणि पुन्हा मोजा. लांब अंतर अजूनही उजव्याकडून डाव्याकडे जातानाच येत असेल तर डाव्या पायावर काम करायचं: १२० ला एकट्या डाव्याने एकेक मिनिट, मग चार-चार बीपीएमने वर. लांब अंतर बाजू बदलून डाव्याकडून उजव्याकडे आलं तर पाय दोन्ही ठीक आहेत. जो पाय मागाहून येतो तो रेंगाळतोय. तिथे क्लिक मात्रेवर न ठेवता मात्रेच्या मधोमध ठेवून सराव करायला लावा.