पॅलिएटिव्ह टीम घरी बोलवायची म्हणजे आपण हरलो का?

धाकटीची_आई:
लेक ६ वर्षांची आहे. मेंदूचा आजार, हळूहळू वाढत जाणारा. वर्षभरात बोलणं गेलं, आता गिळणंही अवघड झालंय. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह टीमचा, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करायला मदत करणाऱ्या टीमचा, विषय काढला आणि मी तिथून उठूनच आले. सासूबाई म्हणतात, "म्हणजे त्यांनी हात टेकले." फिट्सची औषधं बंद करतील का? शिवाय रात्री दोन-अडीचला ती कण्हते. दुखतंय की कूस बदलून हवीय, कळतच नाही. थोरला १० वर्षांचा आहे. तो काहीच विचारत नाही, आणि तेच मला जास्त खुपतं.

जागरणवाला_बाबा:
ताई, मीही असाच उठून आलो होतो. त्यात आठ महिने गेले. शेवटी नर्स घरी आली, तिने मुलाच्या गुडघ्यांमध्ये उशी सरकवली, आणि त्या रात्री तो सलग तीन तास झोपला. एका उशीसाठी आठ महिने! औषधं कोणी बंद केली नाहीत. पुढे दुखण्यावर मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक सुरू करायचं ठरलं तेव्हा घरात कोणी बोलेना. डोस वजनावर ठरतो, बेताने वाढवतात, एवढं समजल्यावर भीती ओसरली. बद्धकोष्ठता मात्र होते. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. आम्ही चार दिवस मुलाचं पोट अडल्यावर शहाणे झालो.

घरभेटवाली_नर्स:
जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: मुलांची ही सेवा निदानापासून सुरू व्हावी आणि आजारावरचे उपचार चालू असले तरी सोबत चालावी.

कण्हण्याबद्दल. न बोलणाऱ्या मुलांसाठी आम्ही पाच गोष्टी बघतो: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं, आणि जवळ घेतल्यावर शांत होते का. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. तिची स्वतःची खूण असेल, ओठ चावणं वगैरे, तर तीही लिहा. ती तुमच्याइतकी कोणाला ओळखता येणार नाही. वेळ टिपा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पोट अडलेलं, ॲसिड वर येणं, स्नायू आखडणं, दात, खुबा, यातलं काहीही असू शकतं.

आणि तुमची झोप. ऑक्सफर्डचं हेलन हाउस, मुलांसाठीचं पहिलं हॉस्पिस (बऱ्या न होणाऱ्या आजारात काळजी घेणारं घर), १९८२ साली उघडलं. त्याआधी एका ननने हेलन नावाच्या आजारी मुलीला अधूनमधून आपल्याकडे ठेवून घेतलं होतं, आईवडिलांना विसावा मिळावा म्हणून. तिथून ही कल्पना निघाली. टीमला विसाव्याबद्दल विचारा, संकोच करू नका.

मधला_भाऊ:
मी तो न विचारणारा मुलगा होतो. विचारलं की आई रडायची, म्हणून गप्प. खरी गोष्ट वेगळीच होती: बहिणीवर चिडून मी एकदा "मर" म्हणालो होतो. माझ्यामुळेच झालं असं कितीतरी वर्षं वाटत राहिलं. समोर बसवून "काही विचारायचंय का?" म्हणू नका, तो नाहीच म्हणेल. कपड्यांच्या घड्या घालताना सहज सांगा की हे कोणाच्या वागण्यामुळे किंवा बोलण्यामुळे झालेलं नाही. आजाराचं नावही सांगा. आम्हाला "बरं नाही" एवढंच सांगत.

धाकटीची_आई:
काल वही केली. २.२० ला ६ गुण, पाय ताठ. कूस बदलून उशी दिली, पाऊण तासाने २. सासूबाईंनाही दाखवली. टीमला उद्या फोन करतेय. थोरल्याशी अजून बोलले नाही. घड्या घालायला बसले होते, पण तो शेजारी येऊन बसला आणि माझाच आवाज फुटेना.